चिमारोसाची रेकॉर्ड घेताय? मग हे जरा वाचून घ्या

आपल्याकडे वेस्टर्न क्लासिकलच्या कप्प्यात लोक मोझार्ट बघतात, बीथोवेन बघतात आणि दोमेनिको चिमारोसा हा इटालियन संगीतकार बाजूला सारून पुढे जातात. ज्यांनी घेतली ते मात्र परत येऊन विचारतात की हा माणूस नक्की कोण, म्हणून हे पान रेकॉर्डसोबत देतोय.

जन्म १७४९ चा, नेपल्सजवळच्या आवेर्सा गावचा. बाप गवंडी, कामावर असताना पडून मेला, आई मठातल्या लोकांचे कपडे धुवायची. मुलाचं डोकं चांगलं म्हणून तिथल्याच पाद्र्यांनी त्याला शिकवलं आणि १७६१ मध्ये नेपल्सच्या सांता मारिया दी लोरेतो या संगीतशाळेत घातलं. नेपल्समधल्या या शाळा म्हणजे मुळात अनाथाश्रम, पण तिथे गाणं आणि वाजवणं इतकं कडक शिकवायचे की अख्ख्या युरोपला ऑपेरावाले, म्हणजे गाऊन चालणाऱ्या नाटकाचे लोक, तिथूनच मिळायचे. चिमारोसा तिथे अकराएक वर्षं होता आणि १७७२ मध्ये त्याचा पहिला ऑपेरा नेपल्सच्या स्टेजवर आला.

तेव्हा कॉपीराइट, रॉयल्टी असलं काही नव्हतं. थिएटरवाला एका ऑपेराचे ठरलेले पैसे द्यायचा, मग तो पुढे दहा शहरांत चालला तरी लिहिणाऱ्याच्या हातात काही नाही, त्यामुळे सीझन आला की नवीन लिहा, तो संपला की पुन्हा नवीन. चिमारोसाचे साठाहून जास्त ऑपेरे झाले ते असे. रोममध्ये तर पोपच्या राज्यात बायकांना स्टेजवर बंदी, सगळी स्त्रीपार्टी पुरुषच करायचे, आणि त्याचं पहिलं मोठं नाव झालं ते तिथेच, 'लितालियाना इन लोन्द्रा' या कॉमेडीने.

१७८७ मध्ये रशियाच्या महाराणी कॅथरीनने त्याला सेंट पीटर्सबर्गला बोलावलं. थंडी मानवली नाही, दरबाराने संगीतावरचा खर्चही कमी केला, तेव्हा १७९१ मध्ये तो निघाला आणि व्हिएन्नाला आला. मोझार्ट नुकताच वारला होता. ७ फेब्रुवारी १७९२ ला बुर्गथिएटरमध्ये 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो' म्हणजे गुपचूप लग्न हा ऑपेरा झाला आणि असं सांगतात की तिथला सम्राट लिओपोल्ड इतका खूश झाला की त्याने सगळ्या मंडळींना जेवायला घातलं आणि त्याच रात्री अख्खा ऑपेरा पहिल्यापासून पुन्हा करायला लावला. एका पदाला वन्स मोअर आपण समजू शकतो, इथे सगळ्या नाटकालाच! महिन्याभरात लिओपोल्ड वारला आणि चिमारोसा १७९३ मध्ये नेपल्सला परत आला.

आता पुढची गंमत बघा, गंमत कसली खरं तर. नेपल्सची राणी मारिया कारोलिना ही याच लिओपोल्डची सख्खी बहीण, आणि तिची दुसरी बहीण मारी आंत्वानेत, जिचं डोकं पॅरिसमध्ये क्रांतिवाल्यांनी उडवलं. म्हणजे प्रजासत्ताक हा शब्द नुसता काढला तरी या बाईचं डोकं फिरायचं. १७९९ च्या जानेवारीत फ्रेंच फौजेच्या जोरावर नेपल्समध्ये प्रजासत्ताक आलं आणि चिमारोसाने त्याच्यासाठी एक गीत बांधून दिलं. जूनमध्ये ते कोसळलं, पळून गेलेला राजा परत आला. मग याने राजाच्या कौतुकाची रचना करून बघितली पण उपयोग झाला नाही, काही महिने तुरुंगात काढावे लागले. वजनदार लोकांनी शब्द टाकला म्हणून सुटला आणि व्हेनिसला गेला, तिथे नवीन ऑपेरा अर्धवट असताना ११ जानेवारी १८०१ ला वारला. राणीने विष घातलं अशी इतकी बोंब उठली की शेवटी डॉक्टरचा जाहीर दाखला काढावा लागला की पोटातल्या गाठीने गेला, विष वगैरे काही नाही.

आम्हाला विचाराल तर हलकंफुलकं म्हणून त्याला कमी समजू नका. 'गुपचूप लग्न'ची गोष्ट साधी आहे, बोलोन्याचा जेरोनिमो नावाचा बहिरट श्रीमंत व्यापारी, त्याला मोठ्या घराण्यातला जावई हवाय, आणि धाकट्या पोरीने, कारोलिनाने, त्याच्याच कारकुनाशी लग्न उरकलेलंय. थोरलीसाठी आलेला काउंट नेमका धाकटीवर भाळतो आणि म्हणतो हुंडा अर्धा द्या पण हीच द्या. दोघी बहिणी आणि आत्या तिघी एकदम भांडतात ते गाणं आणि सासरा-जावयाचं दोन जाड आवाजांचं गाणं, एवढं तरी ऐकाच. आपल्या संगीत नाटकात पदांच्या मध्ये बोलतात ना, इथे ते संवादसुद्धा गाऊनच येतात, ते भाग सुरुवातीला कंटाळवाणे वाटले तर बिनधास्त सुई पुढे न्या.

पूर्ण सेट हवा असेल तर कंडक्टर बारेनबॉइमचा, डॉयचे ग्रामोफोन कंपनीचा घ्या, त्यात जेरोनिमो गायलाय फिशर-डीस्काउ. एवढं मोठं नको असेल तर 'इल माएस्त्रो दी कापेला' विचारा, एकच गायक आहे, तो बँडमास्तर होऊन एकेका वाद्याला झापतो, भाषा न कळताही हसू येतं. आणि ओबो कॉन्चेर्तो, म्हणजे ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा, ते मागणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो, ते त्याने तसं लिहिलेलं नाही, त्याच्या पियानोवर वाजवायच्या छोट्या सोनाटा म्हणजे रचना घेऊन आर्थर बेंजामिन या संगीतकाराने १९४२ मध्ये जुळवलंय. ऐकायला फार छान आहे, आम्हीच दुकानात लावतो.

जुना बॉक्स सेट घेताना आतलं शब्दांचं पुस्तक आहे ना ते काउंटरवरच उघडून बघा, नसेल तर सांगा, किंमत कमी करून देऊ. आणि रेकॉर्ड घ्यायच्या आधी एक साइड लावून ऐकायची असेल तर सकाळी या, संध्याकाळी गर्दीत काही ऐकू येत नाही.