वरिष्ठाचे बोलणे : सोलापूरच्या कामधंद्यातील संवाद

वरिष्ठाचे बोलणे : हाताखालच्या माणसाला काम सांगताना, चूक दाखवताना, त्याची तक्रार ऐकताना आणि त्याला नकार देताना मालक, मुकादम, जॉबर (गिरणीतला मुकादम) किंवा सुपरवायझर जी भाषा व जो सूर वापरतो तो, आणि त्यामागची ऐकण्याची सवय. व्यवस्थापनशास्त्रात याचा विचार ‘निकोप संवाद’ या नावाखाली होतो व तो वरिष्ठाच्या स्वतःच्या वाढीचा भाग मानला जातो. चादर, टॉवेल, विडी आणि शालेय गणवेश यांवर जगणाऱ्या सोलापुरात मात्र या प्रश्नाची सुरुवात मागाच्या खडखडाटापासून करावी लागते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा (आडवा धागा नेणारी नळी) सतत इकडून तिकडे आपटत असतो. तिथे हळू बोललेले ऐकू येत नाही. ओरडावे लागते, खांद्याला हात लावावा लागतो किंवा खुणेने सांगावे लागते. म्हणजे शेडमधला चढा आवाज ही गरज आहे, उद्धटपणा नव्हे. अडचण होते ती तोच आवाज हिशेबाच्या टेबलापर्यंत आला की. तिथे माग नसतो, तरी आवाज खाली येत नाही. यंत्रासाठी चढवलेला आवाज कोणता आणि माणसासाठी चढवलेला कोणता, हे ज्याला स्वतःपुरते ओळखता येते त्याचे निम्मे शिक्षण झाले, असे म्हणायला हरकत नाही.

या आवाजामागे जुनी सत्ताही आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांत कामगार आणि साहेब यांच्यामध्ये जॉबर उभा असे. तो कामगारांतूनच वर आलेला असे. भरती, बदली आणि हकालपट्टी बऱ्याच अंशी त्याच्या शब्दावर चाले. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातातील भरती काढून घ्यावी आणि स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. या अधिकाऱ्याच्या अंगी सचोटी व माणूस समजून घेण्याची हातोटी हवी, असे सांगतानाच आयोगाने भाषांवरील पकडही आवश्यक मानली.

ही शेवटची अट सोलापूरला तंतोतंत लागू पडते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराच्या घरी तेलुगू, सीमेकडून आलेल्याच्या घरी कन्नड, कुठे दखनी उर्दू, आणि व्यवहाराला मराठी. ज्याला वरिष्ठ ‘उलट उत्तर’ समजतो ते कित्येकदा दुसऱ्या भाषेतून घाईने उचलून आणलेले वाक्य असते. संबोधनांची गंमत वेगळीच. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ तेलुगूतही चालतात, कन्नडमध्येही आणि मराठीतही, त्यामुळे शहाणा सुपरवायझर तिथूनच सुरुवात करतो. आणि सोलापूरचा ‘बे’! ‘काय बे, जेवलास का?’ यात दोस्तांमध्ये मायाच असते. पण तोच ‘बे’ वरून खाली येतो आणि खालून वर जाऊ शकत नाही, तेव्हा त्याचे वजन बदलते. वयाने मोठ्या कामगाराला अरे-तुरे करणारा तरुण मालक हा इथला नेहमीचा प्रसंग. त्यावर कोणी तोंडावर बोलत नाही, चहाच्या गाड्यावर मात्र बोलतात.

चूक सांगणे हा या विषयाचा गाभा. विडी कामगार स्त्रिया घरी वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन देतात; तिथे तपासणारा काही बाजूला काढतो, ती ‘छाट’. छाट म्हणजे बुडालेली मजुरी. विडी पोकळ भरली होती, तोंड नीट मुडपले नव्हते की मुळात मिळालेले पानच खराब होते, हे न सांगता मूठभर विड्या बाजूला टाकल्या तर बाईच्या हाती अपमानाशिवाय काही येत नाही, आणि उद्याची विडीही तशीच येते. एक विडी हातात देऊन ‘मावशी, इथं बघा’ म्हणायला अर्धा मिनिट लागतो. छाटीवरचे वाद किती जुने व गंभीर आहेत हे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यावरून कळते : कच्चा माल देणे, विड्या नाकारणे आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी यांवरील तंटे सोडवण्याची तरतूद त्यात स्वतंत्रपणे करावी लागली.

या क्षेत्रातील काही संकल्पना बाहेरून आल्या. कार्ल रॉजर्स व रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘सक्रिय श्रवण’ मांडले : समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून ताडून पाहणे. जोसेफ लुफ्ट व हॅरी इंगम यांची १९५५ ची ‘जोहारी खिडकी’ माणसाचा एक भाग असा दाखवते, जो इतरांना दिसतो, पण त्याला स्वतःला नाही. मुकादमाचा सूर बहुधा याच कप्प्यात असतो. सोलापूरला सर्वांत उपयोगी मात्र एमी एडमंडसन यांची ‘मानसिक सुरक्षितता’ (१९९९), म्हणजे न घाबरता बोलता येईल ही खात्री, ठरावी. रुग्णालयांच्या अभ्यासात त्यांना आढळले, की चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद उलट जास्त होत होती, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. जॅकार्डवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांच्या साखळीने नक्षी उतरवणाऱ्या मागावर, विणल्या जाणाऱ्या चादरीचे उदाहरण घेऊ. साखळीतले एक कार्ड चुकीचे लागले तर नक्षीतला दोष प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटतो. विणकराने पहिल्याच चादरीला माग थांबवून सांगितले तर नुकसान एका चादरीचे; शिव्या पडतील म्हणून तो गप्प राहिला तर सगळ्या मालाचे.

कायद्याने यातला थोडाच भाग सांभाळला आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, आणि १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती. लहान शेड, घरचे माग आणि घरी चालणारे काम यांच्यापर्यंत अशा समित्या क्वचितच पोचतात.

संवादाच्या प्रशिक्षणात सहसा न येणारी एक गोष्ट म्हणजे उचल. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी मालकाकडून आगाऊ पैसे घेतलेला कामगार ते फिटेपर्यंत मोकळेपणाने बोलू शकत नाही, मालक कितीही मृदू बोलला तरी. ‘काही अडचण आहे का?’ असे त्याला विचारले, की उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही मालक, सगळं बरंय.’