निवासी जमीनवाटपातील न्याय (नागपूर)

निवासी जमीनवाटपातील न्याय : सरकारच्या किंवा सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यातली जमीन घरासाठी नागरिकांना देताना ती कोणाला, कोणत्या भावाने, कोणत्या अटींवर आणि कोणत्या रीतीने दिली, हे समतेच्या कसोटीवर तपासणारी संकल्पना. राज्यघटनेचा अनुच्छेद १४ (कायद्यापुढे समता) हा तिचा कायदेशीर आधार. सरकार मालक असले तरी खाजगी मालकासारखी आपल्या मर्जीने जमीन देऊ शकत नाही. भोपाळमध्ये एका न्यासाला जाहिरात न देता दिलेली २० एकर जमीन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच कारणावरून रद्द केली. नागपुरात मात्र या प्रश्नाचे रूप वेगळे आहे. शहराच्या फार मोठ्या भागाला जमीन वाटपातून मिळालीच नाही. आधी घर उभे राहिले आणि सरकारने ते नंतर मान्य केले. त्यामुळे इथला न्याय-अन्याय सोडतीच्या चिठ्ठीपेक्षा ‘कोणत्या तारखेपर्यंतचे घर धरायचे’ या एका ओळीवर जास्त ठरतो.

नागपुरात सरकारी जमिनीचे मालक एकाहून अधिक आहेत. तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि संस्थानच्या अनेक जागा सरकारजमा झाल्या. अशा सरकारी जागांना ‘नझूल’ म्हणतात. त्या मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या आणि त्यांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. वर्तमानपत्री मराठीत हा ‘नासुप्र’, बोलण्यात ‘एनआयटी’. शेतजमीन संपादन करायची, रस्ते व नाल्या काढायच्या आणि भूखंड पाडून ३० वर्षांच्या नूतनीकरणीय पट्ट्याने द्यायचे, ही त्याची जुनी पद्धत. विदर्भ गृहनिर्माण मंडळ १९७७ मध्ये म्हाडात विलीन झाले. महापालिकेच्या जमिनी या सगळ्यांहून वेगळ्या. एकाच मोहल्ल्यातल्या दोन घरांचे मालक दोन कार्यालये असतील, तर दोघांचे नियम, दर आणि हेलपाटेही निराळे असतात.

वाटपाच्या पद्धतींपैकी लिलाव सर्वांत पारदर्शक. पण तिथे जागा पैसेवाल्याकडेच जाते. सोडतीत वशिल्याला वाव कमी असतो, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. तरी डब्यात कोणाचे नाव पडू शकते हे उत्पन्नमर्यादा आणि आरक्षणाच्या कोट्यांनी आधीच ठरलेले असते. २०२२ च्या सुधारणेनुसार नागपूर महानगर क्षेत्रात अत्यल्प गटासाठी वार्षिक ६ लाख, अल्प गटासाठी ९ लाख आणि मध्यम गटासाठी १२ लाख रुपये अशी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे. पगारदाराकडे उत्पन्नाचा पुरावा तयार असतो. इतवारीतल्या हमालाला तो तहसीलमधून काढून आणावा लागतो.

सर्वांत जास्त संशय येतो तो सवलतीच्या दराने केलेल्या थेट वाटपावर. हैदराबाद महानगर हद्दीत खासदार, आमदार, सनदी अधिकारी, न्यायाधीश आणि पत्रकार यांच्या गृहनिर्माण संस्थांना स्वस्तात दिलेल्या जमिनी सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्द ठरवल्या. आधीच सुस्थितीत असलेल्यांचा वेगळा वर्ग करून त्यांना सार्वजनिक मालमत्ता बाजारभावाहून कमी मूळ दराने देणे ही मनमानी आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. प्रकरण तेलंगणाचे, पण त्यातले तत्त्व कोणत्याही राज्यातल्या अशा संस्थांना लागू पडते. सवलतीचा मुद्दा साधा आहे. बाजारात ३० लाखांची जागा सरकारने ५ लाखांत दिली, तर उरलेले २५ लाख सार्वजनिक तिजोरीतून एका कुटुंबाला दिले गेले. हे कुटुंब बेघर असेल तर त्याला कोणी नाव ठेवणार नाही.

नागपूरचे खरे वैशिष्ट्य म्हणजे लेआउट, म्हणजे शेतजमिनीचे प्लॉट पाडून केलेली वसाहत. नागरी कमाल जमीन धारणा कायदा १९७६ मध्ये आला. त्यात नागपूरसाठी मोकळ्या जमिनीची मर्यादा १५०० चौरस मीटर होती. मर्यादेबाहेरची जमीन सरळ विकता येत नसल्याने शेतमालकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी ती करारनाम्यावर, इसारपत्रावर तुकड्यांनी विकली. मानेवाडा, दिघोरी, वाठोडा या बाजूंना असे लेआउट पडत गेले. गिरणीतला कामगार, शाळामास्तर, एसटीचा वाहक अशा लोकांनी भिशी आणि भविष्यनिर्वाह निधी मोडून हे प्लॉट घेतले. कागदावर रस्ता ३० फुटांचा, जागेवर बैलगाडीची चाकोरी. काही लेआउटमालकांनी नकाशातली मोकळी जागासुद्धा प्लॉट म्हणून विकली, तर काहींनी एकच प्लॉट दोघांना. कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ च्या अखेरीस रद्द केला. तोवर शहर या तुकड्यांवर उभे राहून चुकले होते.

या तुकड्यांना मान्यता देण्यासाठी २००१ मध्ये महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम झाला. १ जानेवारी २००१ रोजी अस्तित्वात असलेली गुंठेवारी (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेले प्लॉट व त्यांवरची घरे) विकासशुल्क भरून नियमित करता येईल, अशी त्यात तरतूद होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे अनधिकृत लेआउटच्या दोन गटांचे, त्यांतल्या लेआउटच्या संख्येवरून पडलेले आकडे सांगितले की कोणत्या लेआउटविषयी बोलणे चालले आहे ते लगेच कळते. प्लॉटधारक अर्ज करतो, मोजणी होते, ‘डिमांड’ (शुल्काचे मागणीपत्र) निघते. ती भरली की नियमितीकरणाचे पत्र मिळते, म्हणजे इथला ‘आरएल’. आरएल नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, बँक कर्ज देत नाही आणि विकायला काढला तर दलाल भाव पाडूनच बोलतो. म्हणूनच नागपूरच्या प्लॉटच्या जाहिरातीत चौरस फुटांच्या आधी ‘आरएल’ किंवा ‘एनए-टीपी’ (अकृषक आणि नगररचनेची मंजुरी असलेला) छापलेले असते.

या योजनेवर दोन बाजूंनी आक्षेप घेतला जातो. मंजूर लेआउटमध्ये जास्त पैसे मोजून प्लॉट घेणारा म्हणतो, मी नियम पाळला ही माझी चूक झाली का? गुंठेवारीवाला म्हणतो, मी पूर्ण किंमत लेआउटमालकाला दिली. रस्ते, गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) आणि नळ न देता तो पसार झाला, आता त्याच्या वाट्याचा खर्चही माझ्याकडूनच का? प्रस्तुत नोंदकर्त्याला दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. लेआउट पाडणाऱ्याने नफा केव्हाच उचलला होता, आणि नियमितीकरणाचे शुल्क मात्र प्लॉटधारकाच्या माथी आले. तारीख पुढे सरकवण्यातही धोका आहे. एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल, हे नवे लेआउट पाडणारे धरूनच चालतात.

झोपडपट्ट्यांचा प्रश्न याच्याच शेजारी आहे, पण तिथे प्लॉटच्या किमतीची पावतीसुद्धा नसते. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. महसूल, नासुप्र किंवा महापालिकेच्या जागेवरच्या झोपडीधारकाला मालकी हक्काचा पट्टा देता येतो. खाजगी किंवा रेल्वेच्या जागेवर ते सहजी होत नाही. त्यामुळे तितकीच जुनी, तितकीच गरीब वस्ती निव्वळ सातबाऱ्यावरच्या नावामुळे मागे राहते. पट्ट्यासाठी १ जानेवारी २०११ पूर्वीचे वास्तव्य दाखवायला जुने वीजबिल, मतदारयादीतले नाव किंवा टॅक्सची पावती लागते. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे यांतले स्वतःच्या नावावर काही सापडणे कठीण. नाल्याकाठच्या घरात पुराचे पाणी शिरून कागद वाहून गेले असतील, तर शेजाऱ्यांचे बयाण घेऊन काम भागवण्याचा प्रयत्न होतो.

याउलट नझूलच्या पट्टेधारकांत सिव्हिल लाइन्ससारख्या भागांतले सुस्थितीतले लोकही आहेत. भाडेपट्टा फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीचा) करून देण्याच्या योजनांत त्यांच्याकडून बाजारमूल्याचा लहानसा हिस्सा घेतला जातो. पिढ्यान्‌पिढ्या ठरल्याप्रमाणे भाडे भरले हा त्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण जागेचा भाव वाढला तो रस्ते, बाजार आणि आता मेट्रोमुळे. त्या वाढीत सरकारचा वाटा किती असावा, यावर झोपडपट्टीच्या पट्ट्याइतका गदारोळ कधी होत नाही. विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक केंद्र व विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा या गावांत वाद आणखी निराळा आहे : घर एक असले आणि त्यात तीन भावांच्या तीन चुली असल्या, तर पुनर्वसनाचे भूखंड किती?

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) म्हणून नोंदलेल्या जमिनींनी या चर्चेत नवी भर घातली. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनच मानायच्या असा निकाल दिला. घरे, शाळा, स्मशानभूमी आणि सरकारी इमारतीसुद्धा अशा जमिनींवर उभ्या असल्याने १२ डिसेंबर १९९६ पर्यंतच्या वाटपांना एकवेळची सोय म्हणून केंद्राची मंजुरी घेण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्या वाटपांसाठी मात्र अट कडक आहे. ज्या अधिकाऱ्यांनी वनसंवर्धन कायदा डावलून जमीन दिली, त्यांच्यावर दंडात्मक कारवाई झाल्याची खात्री केल्यावरच केंद्राने तो प्रस्ताव पुढे न्यायचा आहे. गुंठेवारीच्या कायद्यात लेआउटमालकासाठी याच्या तोडीची अट नाही.