आय. एम. विजयन : एका स्ट्रायकरची कारकीर्द

इनिवलप्पिल मणी विजयन (जन्म : २५ एप्रिल १९६९, त्रिशूर) हे भारताचे निवृत्त फुटबॉलपटू. मैदानावरची जागा आघाडीची, म्हणजे स्ट्रायकरची. १९९३, १९९७ आणि १९९९ अशी तीन वर्षे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले.

बडोद्याच्या मराठी घरात खेळाचा विषय निघाला की बोलणे विजय हजारे, दत्ताजीराव गायकवाड, किरण मोरे या क्रिकेटपटूंपाशी येऊन थांबते. फुटबॉल त्या मानाने लांबचा. तरी विजयन यांची वाट बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माणसाला ओळखीची वाटेल, कारण नोकरीच्या आधाराने खेळणे म्हणजे काय हे या गावाने जवळून पाहिले आहे. हजारे यांना संस्थानची नोकरी होती. इथला जुम्मादादांचा आखाडा नावारूपाला आणणाऱ्या माणिकरावांना ‘राजरत्न’ किताब गायकवाड दरबारचा. संस्थाने गेली आणि खेळाडूला पोसण्याचे काम रेल्वे, पोलीस, बँका आणि गिरण्यांकडे आले. आजही इथला बाप मुलाला मैदानावर पाठवताना ‘स्पोर्ट्स कोट्या’चा हिशेब मनात ठेवतो. त्यात कमीपणा काहीच नाही. विजयन यांच्यासारखा खेळाडू त्याच हिशेबातून देशाला मिळाला.

घरची गरिबी एवढी की लहानपणी ते त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर सामन्यांच्या वेळी सोड्याच्या बाटल्या विकत. बाटलीमागे १० पैसे सुटत. पुढे केरळ पोलिसांनी त्यांच्यातला खेळ हेरला आणि सतराव्या-अठराव्या वर्षी त्यांना आपल्या फुटबॉल संघात घेतले. व्ही. पी. सत्यन, सी. व्ही. पप्पच्चन, यू. शराफ अली अशी माणसे त्या संघात होती. १९९० साली त्रिशूरमध्येच झालेला फेडरेशन चषक, म्हणजे देशभरातल्या क्लबांची स्पर्धा, पोलिसांनी जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. बाटल्या विकणाऱ्या पोराच्या गावात तो चषक राहिला, ही या कारकिर्दीतली माझ्या लेखी सर्वांत मोठी गोष्ट.

१९९१ मध्ये ते कोलकात्याच्या मोहन बागानकडे गेले. तिथल्या प्रेक्षकांनी त्यांना ‘कालो होरिन’, म्हणजे काळे हरीण, म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. त्यानंतर पंजाबात फगवाड्याची जेसीटी. हा कापडगिरणीचा संघ. तिथे विजयन आणि भायचुंग भुतिया एकत्र खेळले, आणि १९९६-९७ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जेसीटीने जिंकली. १९९७ मध्ये नव्याने निघालेल्या एफसी कोचीनने ड्युरँड चषक पटकावला, त्या संघातही ते होते. पुढे ईस्ट बंगाल आणि चर्चिल ब्रदर्स हे संघही झाले.

स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा, एवढे सांगून भागत नाही. त्याची पाठ गोलाकडे असते, बचावपटू खांद्याला खेटून उभा असतो आणि लांबून उंच चेंडू येत असतो. तो छातीवर घ्यायचा, त्याचा जोर तिथेच मारायचा, मांडीवर उतरवायचा आणि जमिनीला टेकायच्या आत अंग वळवून हाणायचा. घाई केली तर चेंडू उसळून जातो, थांबले तर पाय आडवा येतो. मल्लखांबावरच्या मुलाला पकड कधी सोडायची हे जसे अंगातून कळते, तसेच हे. विजयन यांना ते विलक्षण कळत असे. १९९९ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भूतानविरुद्ध त्यांनी अवघ्या १२व्या सेकंदाला गोल केला. पहिलवान माती कपाळाला लावून सलामी देतो, साधारण तेवढाच हा वेळ. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधल्या सर्वांत जलद गोलांत त्याची गणना होते.

भारतासाठी ते ६०हून अधिक सामने खेळले. शेवट हैदराबादच्या २००३च्या आफ्रो-आशियाई क्रीडा स्पर्धेत. वय ३४, तरी स्पर्धेत ४ गोल. अंतिम सामन्यात उझबेकिस्तानकडून ०-१ अशी हार झाली आणि भारताला रौप्य मिळाले. त्याच सुमारास अर्जुन पुरस्कारही मिळाला. क्लबचे फुटबॉल आणखी दोनेक वर्षे चालले.

नंतर ते पुन्हा केरळ पोलिसांत रुजू झाले. मल्याळम चित्रपटांत कामे केली, महासंघाच्या तांत्रिक समितीचे अध्यक्षपद सांभाळले. पण गणवेश सुटला नाही. फगवाड्याची गिरणी २०११ मध्ये फुटबॉलमधून बाहेर पडली, एफसी कोचीन त्याच्याही आधी बंद झाला होता. पोलिसांतली नोकरी मात्र टिकली. २०२५च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी एप्रिलअखेर, वयाची ५६ वर्षे पूर्ण झाल्यावर, मलबार स्पेशल पोलीस या केरळ पोलिसांच्या सशस्त्र दलातून ते निवृत्त झाले.