सतरा आठे किती?

‘सतरा आठे?’ असं कुणी अचानक विचारलं तर माझ्या पिढीतली बरीच माणसं थेट उत्तर देत नाहीत. ओठ हलायला लागतात, ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस’ अशी गाडी सुटते आणि आठव्या स्टेशनावर १३६ सापडतात. पाढा चालीत पाठ केलेला असतो. चाल पहिल्यापासून धरावी लागते, मधेच चढायची सोय नसते.

गाण्यांवरून जपानी शिकायला लागलो तेव्हा हीच गंमत पुन्हा भेटली. अख्खं कडवं तोंडपाठ, पण त्यातला एक शब्द वर्गात विचारला की मनातल्या मनात मुखड्यापासून गुणगुणत यायचं. तोवर शेजारच्याने उत्तर देऊन टाकलेलं असायचं.

चालीचा फायदा होतो, यात वाद नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरा विद्यापीठाच्या एका प्रयोगात ६० प्रौढांना हंगेरियन वाक्यं पंधरा मिनिटं शिकवली. काहींनी ती ऐकून नुसती म्हटली, काहींनी ठेक्यात म्हटली, काहींनी गायली. नंतर हंगेरियन बोलून दाखवायची वेळ आली तेव्हा गाणारे पुढे निघाले. ठेका अक्षरांची संख्या सांभाळतो, सूर पुढच्या शब्दाची चाहूल देतो. म्हणून ओळ टिकते. पण ती साखळीसारखी टिकते, आणि बोलताना लागते एकेक कडी.

साखळी तोडायच्या आधी ती नीट ऐकू यायला हवी. मी संगणकावरच्या व्हीएलसी या प्लेअरवर गाणं लावतो आणि कळफलकावरच्या चौकटी कंसाने वेग कमी करतो. ७५ टक्के वेगाला चार मिनिटांचं गाणं ५ मिनिटं २० सेकंद चालतं, पण गायिकेचा आवाज घोगरा होत नाही. टेप अर्ध्या वेगाने फिरवली की ४४० हर्ट्‌झचा सूर २२० वर यायचा, म्हणजे थेट एक सप्तक खाली, आणि गायिकेचा राक्षस व्हायचा. मग इथे तसं का होत नाही?

एक रीत कौलारू छपरासारखी आहे. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश लांबीचे तुकडे एकमेकांवर बरेच चढवून कापायचे आणि मांडताना ती चढण कमी करायची. कौलं तेवढीच, छप्पर लांब. प्रत्येक तुकड्यातल्या लहरींची कंपनं तशीच राहतात, म्हणून सूर हलत नाही. कौशल्य आहे ते सांध्यात. एका तुकड्याच्या लहरीचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर आला तर आवाज चिरकतो. म्हणून सॉफ्टवेअर कापायची जागा जराशी मागेपुढे सरकवून लहरी जुळतील असा सांधा शोधतं. १९६६ साली बेल प्रयोगशाळेत फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी आवाजातल्या कंप्रता, म्हणजे त्यात मिसळलेले उंच-खालचे सूर, वेगळ्या करून पुन्हा जोडायची दुसरी रीत मांडली होती. आज दोन्ही घराणी नांदतात.

वेग फार उतरवला की कौलारू रीत उघडी पडते. तबल्याचा ठोका किंवा ‘ट’, ‘क’ सारखं तडकणारं व्यंजन शेजारच्या दोन तुकड्यांत सापडतं आणि दोनदा वाजतं. गायिका तोतरी वाटायला लागते. मी ७५ च्या खाली जात नाही ते त्यासाठी.

जपानीत या मंद वेगाचं मोल जास्त, कारण तिथे स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. मराठी कान इथे फसतो. ऱ्हस्व-दीर्घावरून शाळेत आपले गुण कापले जातात, पण बोलताना त्याने सहसा काही बिघडत नाही. आपल्याला मात्रा कळत नाहीत असं मात्र नाही. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, चरणात अक्षरं १२ आणि मात्रा २०. जपानी हायकूतले ५-७-५ हेही मात्रांचंच गणित. ‘ओबासान’मध्ये शेवटचा ‘न’ धरून मात्रा चार, ‘ओबाऽसान’मध्ये पाच. जुन्या धाटणीच्या जपानी गाण्यांत आणि बालगीतांत बहुधा एका मात्रेला एक सूर मिळतो. म्हणजे आजीला मावशीपेक्षा एक सूर जास्त! बोलण्यात निसटणारा फरक गाण्यात बोटांवर मोजता येतो.

आवाजाची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तो डोळ्यांनाही दिसतो. ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट, हे दोन्ही शब्द बोलून नोंदवले. ‘कित्ते’च्या मधोमध लहर एकदम सपाट होते आणि मग ‘त’ फुटतो. ती शांतता हीच एक मात्रा. ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे ऐकणाऱ्या आपल्याला हे फुकटात जमतं.

आता साखळी तोडणं. गाण्याची एकेक ओळ कापून मी अँकी या उजळणीची कार्डं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. अँकी २००६ साली डेमियन एल्म्स यांनी स्वतः जपानी शिकताना रचलं, नावही जपानीच, अर्थ ‘पाठांतर’. जमलेलं कार्ड ते दिवसेंदिवस उशिरा दाखवतं, चुकलेलं लवकर. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते असं, की कार्डं मी उलटसुलट क्रमाने येऊ देतो. तिसऱ्या कडव्याची ओळ पहिल्याच्या आधी, तीही चालीविना, नुसती लिहिलेली. पहिला आठवडा जीव नकोसा झाला. नंतर शब्द मुखड्याशिवाय सुटे येऊ लागले.

एक भानगड उरतेच. तोक्योच्या बोलीत ‘आमे’चा पहिला सूर वर असेल तर पाऊस आणि दुसरा वर असेल तर चघळायची गोळी. संगीतकार चाल बांधताना दर वेळी हे पाळतो असं नाही. मी ‘आमे’ शिकलो एका पावसाच्या गाण्यातून, आणि तिथे चाल वर चढत होती. एका भर जुलैच्या संध्याकाळी चिंब भिजून वर्गात शिरलो आणि ऐटीत म्हणालो, बाहेर आमे पडतोय. बाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, ‘कुठल्या चवीच्या?’