फ्लूची लस: पावसाआधी घ्या, दरवर्षी घ्या

"मागच्या वर्षी घेतली होती ना, आता पुन्हा कशाला?" आमच्या औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर हे नेहमी विचारलं जातं. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो आणि लसीने आलेली प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना दर फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते सुचवते. खोक्यावर हंगामाचं वर्ष छापलेलं असतं, ते बघूनच घ्या. पूर्वी चार विषाणूंची लस मिळायची, आता तीनची येते. चौथा, बी/यामागाटा, मार्च २०२० नंतर जगात कुठे पक्का सापडलेलाच नाही, तेव्हा माल कमी दिला असं समजू नका. स्वाइन फ्लूसाठी वेगळी लस लागत नाही, २००९ साली पसरलेला तो एच१एन१ यातच येतो.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात. नागपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो, त्यामुळे मे संपायच्या आत घेतलेली बरी. राहून गेलीच तर नंतरही चालते.

पण मे म्हणजे पंचेचाळीस अंश! ही लस २ ते ८ अंशांतच टिकते. आम्ही ती बर्फाच्या पॅकसोबत थर्मोकोलच्या डब्यात देतो. तिथून थेट डॉक्टरांकडे जा. गाडीच्या डिक्कीत डबा ठेवून सीताबर्डीवर खरेदी उरकू नका. फ्रीझरमध्येही ठेवू नका. गोठलेली लस वाया जाते आणि वरून बघून ते कळतही नाही.

साठीच्या पुढचे काका-काकू, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले यांनी टाळू नये. सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण वाटेल, इतकंच. साध्या सर्दी-पडशावर ती चालत नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण न्यूमोनियापर्यंत किंवा दवाखान्यात भरती होण्यापर्यंत पाळी येण्याची शक्यता बरीच कमी होते.

अंगात ताप असेल किंवा आधीच्या डोसने जोराची ॲलर्जी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. येताना त्यांची चिठ्ठी आणा, आणि निघण्याआधी दुकानात एक फोन करा म्हणजे डबा तयार ठेवतो.