स्तनाचा कॅन्सर व्हायरसमुळे होतो का? उंदरांच्या दुधापासून बार्शीपर्यंत

बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलमुळे आपल्या सोलापूर जिल्ह्यात कॅन्सर हा शब्द काही नवीन नाही, तरी अजून कित्येक घरांत बाईला स्तनाचा कॅन्सर निघाला की तिचं ताट-तांब्या वेगळं काढतात, लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. त्यात मोबाईलवर "ब्रेस्ट कॅन्सर व्हायरसमुळे होतो" असलं काही फिरायला लागलं की झालंच मग. म्हणून आधीच सांगते, हा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवून नाही, शेजारी झोपून नाही, कशानंच नाही. पण व्हायरसची गोष्ट अगदीच हवेतली पण नाही, तिच्यामागं जवळजवळ 90 वर्षांचं संशोधन आहे.

1936 मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांवर एक साधा पण भारी प्रयोग केला. उंदरांची एक जात अशी होती की तिच्या माद्यांना हमखास स्तनाचा कॅन्सर व्हायचा, सगळे म्हणायचे की हे रक्तातच आहे, आनुवंशिक. बिटनरनं काय केलं, त्या जातीची पिल्लं जन्मली की लगेच उचलून कॅन्सर न होणाऱ्या जातीच्या मादीच्या अंगावर पाजायला ठेवली, आणि मोठं झाल्यावर त्यांच्यात कॅन्सर खूपच कमी झाला. म्हणजे रोग नुसता रक्तातून नाही, दुधातून पण येत होता. पुढं कळलं की दुधात एक व्हायरस असतो, तो पिल्लाच्या आतड्यातून आत शिरतो, स्तनाच्या पेशींपर्यंत पोचतो आणि स्वतःची जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवतो. नेमकी पेशीची वाढ चालवणाऱ्या जनुकाशेजारी ती घुसली की ते जनुक नको तेव्हा चालू होतं आणि पेशी वाढतच सुटते. 1982 मध्ये रोल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी असं एक जनुक पकडून दाखवलं.

मग माणसात का नसेल, हा प्रश्न येणारच की. 1971 मध्ये तर मुंबईच्या पारशी बायकांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं, कारण त्या समाजात हा कॅन्सर जास्त दिसायचा. उंदरांच्या व्हायरससारखे कण काहींच्या दुधात दिसले, पण त्यावरून पुढं काही सिद्ध झालं नाही. 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या बिअॅट्रिझ पोगो यांच्या टीमनं बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या 314 गाठी तपासल्या, त्यातल्या 121 मध्ये उंदरांच्या त्या व्हायरसच्या जनुकासारखा तुकडा सापडला. खळबळ उडाली, पण दुसऱ्या कित्येक लॅबना तो सापडलाच नाही. इथं खरी अडचण आहे पीसीआर टेस्टची. ती डीएनएचा इवलासा तुकडा पण कोट्यवधी पट वाढवून दाखवते, त्यामुळं लॅबमध्ये उंदराच्या डीएनएचा कण जरी सॅम्पलमध्ये मिसळला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह.

गायींच्या ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, व्हायरसचं पण तसंच. 2015 मध्ये कॅलिफोर्नियात 239 बायकांच्या स्तनाच्या पेशी तपासल्या, कॅन्सर असलेल्या 59 टक्के बायकांत तो निघाला, नसलेल्या 29 टक्के बायकांत. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींचे अख्खे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, चाळले तर त्यात तो व्हायरस नाहीच. आणि हे वाचून कुणी दूध बंद करू नका हो, तो व्हायरस उकळल्यावर मरतो, आणि आपल्याकडं पंढरपुरी म्हशीचं असो नाहीतर पिशवीचं, दूध तापवल्याशिवाय कोण पितं?

आता याच्याशेजारी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ठेवून बघा. तिथं जवळपास प्रत्येक गाठीत एचपीव्ही नावाचा व्हायरस सापडतो, तो पेशीचे ब्रेक कसे काढून टाकतो हे माहितीये, लस पण आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगावी जाऊन सव्वा लाखाच्या वर बायकांवर अभ्यास केला, 2009 मध्ये निकाल आला की एचपीव्हीची एकच टेस्ट झालेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. व्हायरसवर आरोप सिद्ध व्हायला असा पुरावा लागतो. स्तनाच्या बाबतीत तो अजून नाही, नुसतं "सापडला" म्हणजे "त्यानं केलं" असं होत नाही. तरी शोध चालू राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या एखादा व्हायरस खरंच निघाला तर लसीचा रस्ता मोकळा होईल.

एक भीती मात्र आत्ताच काढून टाकायला हवी, आईच्या दुधाची. उंदरांचं ऐकून कुणी बाळाला पाजायचं थांबवलं तर उलटंच होईल. ज्यांच्या आयांना पुढं स्तनाचा कॅन्सर झाला अशा मुलींचे अभ्यास झालेत, आईचं दूध प्यायल्यानं त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. आणि 2002 मध्ये 30 देशांतली माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की पाजण्याच्या दर 12 महिन्यांमागं आईचा स्वतःचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो.

बाकी धोका वाढतो तो वयानं, बीआरसीए नावाच्या जनुकांत घराण्यातून आलेल्या बिघाडामुळं, पाळी लवकर येऊन उशिरा गेल्यानं, पाळी गेल्यावर वजन वाढल्यानं, दारूनं. आणि गाठ दुखत नाही म्हणून बायका अंगावर काढतात, विडी वळायचं नाहीतर शेतातलं काम सोडून जायचं कसं म्हणून, हे फार वाईट वाटतं बघा. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं दीड लाखावर बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला, मशीन नाही काही नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसतं हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. अशी हातानं तपासणी तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी स्क्रीनिंगमध्ये फुकट असते, आपल्या आशाताईंना विचारलं की कुठं आणि कधी ते कळतं.