रॉटवायलर, पिटबुल पाळलाय? परवाना कसा काढायचा

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू, डोगो अर्जेंटिनो अशा २३ जातींना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, घरात आहेत त्यांचं निर्बीजीकरण करा. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवलं. तरी ते अजून फॉरवर्ड होत असतं. त्याला घाबरून कुत्रा रस्त्यावर सोडू नका. प्राणी असा सोडून देणं हा गुन्हा आहे. स्थानिक नियम मात्र वेगळे असू शकतात, म्हणून पिल्लू आणण्याआधीच महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विचारून घ्या.

परवाना कुत्र्याच्या मालकाने काढायचा असतो. रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. तिचा दाखला हातात आला की अर्ज करा. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो ठेवा. निर्बीजीकरण झालं असेल तर तोही दाखला जोडा. बऱ्याच मोठ्या महापालिकांत अर्ज ऑनलाइन भरता येतो. शुल्क गावोगावी वेगळं.

अर्जातला 'जात' हा रकाना खरा भरा, ही माझी कळकळीची विनंती. परवाना नाकारतील या धास्तीने पिटबुलचा 'लॅब्रेडोर मिक्स' करणं चूकच. २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंश नोंदले गेले, पण तो भटक्या आणि पाळीव मिळून सगळा एकत्र आकडा. अमुक जात जास्त चावते असं म्हणायचं तर त्या जातीचे किती कुत्रे घरोघरी आहेत हे आधी कळायला हवं, आणि ते परवान्यांशिवाय कळणार कुठून? दहा हजारांतल्या दहांनी चावणं आणि पन्नासांतल्या दहांनी चावणं यात फार अंतर आहे. ही मोजदाद नाही, म्हणून तर बंदी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही अंदाजावर भांडतात.

पिल्लू विकत घेताना विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे.

परवाना असला तरी जबाबदारी सुटत नाही. निष्काळजीपणामुळे कुत्र्यापासून कुणाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम जात विचारत नाही.